उलटेकाका आणि रविवारचं टेबल

उलटेकाकांना ग्रुपमधून काढून टाकलं, तेव्हा त्यांना वाटलं टॅब बिघडला.

दुपारी दुकानात आले. टॅब रुमालात गुंडाळलेला. माझ्यासमोर काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ए घाई, बघ गं जरा. चार दिवस झाले, ह्यात एक फोटो येत नाही. आतली वायरबियर सुटली असेल."

मी बघितलं. वायरचा काही संबंध नव्हता. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, काकांना काढल्याची आणि कोणी काढलं त्याची. ती त्यांनी वाचलीच नव्हती. सगळं आयुष्य छापखान्यात गेलेलं. बारीक अक्षर म्हणजे जाहिरातीखालची अट, ती कोणी वाचत नसतं, असं त्यांचं ठाम मत.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"बघते," मी म्हटलं आणि नुसती बघत बसले. मला फटकन बोलायची सवय. पण त्या दुपारी तोंडच उघडेना.

हे नीट कळायचं असेल तर आधी रविवारचं टेबल सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी ही बया दातांच्या दवाखान्यात घुसून का भांडली.

मी फोटोच्या दुकानात छपाईच्या मशीनवर आहे. आठवडाभर पासपोर्टचे चेहरे आणि लग्नाचे अल्बम. दुकानाच्या मागच्या खोलीत फोटो कापायचं एक मोठं टेबल होतं, वर काच, काचेवर सुरीचे हजार ओरखडे. रविवारी दुकान दहाला उघडायचं. त्याआधी आठ ते दहा त्या टेबलाभोवती आम्ही बसायचो. आमचे मालक, दातांच्या डॉक्टर बाई, एक बसड्रायव्हर, उलटेकाका आणि मी. मधूनमधून आणखी कोणीतरी यायचं, दोन रविवार टिकायचं आणि रागावून जायचं.

तिथे फक्त मोकळ्या जागेचे फोटो चालायचे. डोंगर, तळं, माळ, रस्ता, आभाळ. माणूस आला तर मुंगीएवढा. आमच्यात एकही फोटोग्राफर नव्हता, सगळे हौशी. ड्रायव्हरदादा गाडी शेवटच्या थांब्यावर लावून, पुढच्या फेरीला वेळ असेल तेवढ्यात काढायचे. बाई सुट्टीच्या दिवशी बूट घालून चिखलात जायच्या.

पद्धत अशी होती. शुक्रवारी प्रत्येकाने आपला फोटो पाकिटात घालून दुकानाच्या दाराच्या फटीतून आत टाकायचा. म्हणजे कॅमेऱ्यातली चकती, ते मेमरी कार्ड, किंवा पेन ड्राइव्ह, किंवा काकांसारखा असेल तर फिल्मचा रोल. पाकिटावर नाव घालायचं नाही; कोणाचा ते कळलंच, तर त्या फोटोवर बोलायचं नाही. मी सगळे एकाच मापात छापायचे आणि मागे पेन्सिलने आकडा टाकायचे. कोणाचा कुठला, ते फक्त मला कळायचं, कारण कोणाची चकती कशी असते ते मशीनवरच्या बाईला माहीत असतंच. आणि मी कधीच सांगितलं नाही. आईला माझ्याबद्दल काही म्हणायचं असेल ते म्हणू दे, पण पोटात गोष्ट ठेवावी तर मीच.

ज्याचा फोटो असेल त्याने गप्प बसायचं नाही. तोच मोठा नियम. त्यानेही बाकीच्यांसारखंच बोलायचं, नावं ठेवायची, नाहीतर ओळखू येतं. मग बाई स्वतःच्याच तळ्याला "अगदीच मचूळ आलंय हो" म्हणायच्या आणि मी खाली मान घालून चहा ढवळायचे.

आणि काका प्रत्येक फोटो टेबलावर उलटा ठेवायचे. पालथा नाही, उलटा. आभाळ खाली, जमीन वर. मग दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता बोला."

हे कुठून आलं, तर खिळ्यांवरून. काका चौदाव्या वर्षापासून छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळ लावायची, ती ओळ उलटी वाचायची. नंतर संगणक आले, खिळे भंगारात गेले, मालकाने काकांना कागद कापायच्या मशीनवर बसवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. पण उलटं बघायची सवय राहिली ती राहिली.

ड्रायव्हरदादांनी एकदा विचारलं होतं, "काका, सरळ बघायला काय होतं तुम्हाला? मान अवघडते माझी."

"सरळ बघितलं की तू लगेच म्हणतोस, तळं आहे. तळं म्हटलं की तुझं बघणं संपलं. उलटं असलं की पहिल्यांदा काय दिसतं?"

"तळंच दिसतं. वर टांगलेलं."

"नीट बघ की रे!"

दादांनी बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, "तो उजवीकडचा काळा डाग खुपतोय."

"झालं! सरळ असता तर त्याला तू झाड म्हणून माफ केलं असतंस."

काकांच्या खिशात पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या असायच्या. त्या फोटोवर समोरासमोर ठेवून सरकवायच्या, म्हणजे मधे चौकट होते, लहान मोठी करता येते. तसं सरकवत सरकवत ते म्हणायचे, "तुझा फोटो इथं बसलाय बघ, कोपऱ्यात. बाकी नुसती गर्दी." छान हा शब्द त्यांनी टेबलावर कधी काढला नाही. पट्ट्या ठेवूनही कुठूनच कापावंसं वाटलं नाही, तर पट्ट्या उचलून खिशात घालायचे आणि म्हणायचे, "राहू दे." बस. एवढं मिळालं की माणूस महिनाभर हवेत.

आणि ते फक्त दुसऱ्यांना बोलायचे असं नव्हे हां, ऐकूनही घ्यायचे. एकदा ड्रायव्हरदादांनी एका फोटोची अर्धा तास सालं काढली. "हा कोणी झोपेत काढलाय का? जमीन तिरकी, डोंगर डोक्यात खुपसलेला, आभाळाला काही कामधंदा नाही." काका पुढे वाकून ऐकत होते. "खरंय," म्हणाले, "डोंगर फारच पुढे आलाय." मी चहाचा कप तोंडाला लावून बसले, कारण तो रोल काकांचाच होता. पुढच्या शुक्रवारी तोच डोंगर पुन्हा आला. जमीन सरळ, डोंगर मागे. चालत गेले असणार परत. बासष्टचे होते तेव्हा.

आता घाई म्हणजे काय ते. ते माझं नाव त्यांनीच पाडलं.

मला दुकानात लागून सहा महिने झाले होते. दर रविवारी ह्यांचे फोटो छापून माझेही हात शिवशिवायला लागले. मालकांचा जुना कॅमेरा मागून घेतला आणि पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर धुकं उतरलेलं होतं, ते काढलं. पाकीट केलं, माझ्याच हाताने फटीतून टाकलं आणि आत जाऊन माझ्याच हाताने उचललं. रविवारी तो तिसरा आकडा होता. बाई म्हणाल्या, धुकं गोड आहे. मालक म्हणाले, वा. काकांनी पट्ट्या ठेवल्या, सरकवल्या, उचलल्या, परत ठेवल्या. मला वाटलं, आता राहू दे म्हणणार.

"घाई," काका म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं, जरा जास्तच जोरात.

"हा माणूस थांबलाच नाहीये. जाता जाता काढलाय. टेकडीला अजून तयार पण व्हायचं होतं."

मी स्कूटरवर मागे बसून काढला होता. मैत्रीण चालवत होती आणि ती थांबायला तयार नव्हती. हे त्या म्हाताऱ्याला कसं कळलं? मला इतका राग आला, की नियम वगैरे गेला खड्ड्यात. मी म्हणाले, "थांबून काय टेकडीशी गप्पा मारायच्या?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "मार की. तिला तरी कोण आहे?"

शाळेत माझ्या वहीवर लाल फुल्या यायच्या. पानंच्या पानं. फुली कशाची, ते कोणी सांगायचं नाही. नववीत मी दप्तर ठेवलं ते परत उचललं नाही. आईने दोन महिने अबोला धरला. मला कोणी चुकलीस म्हणालं तर काही वाटायचं नाही, सवयच होती. पण कुठे चुकलीस ते बोट ठेवून सांगणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो ह्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या टेकडीसमोर तासभर उभी राहिले. पायाला मुंग्या आल्या. फोटो तसा भंगारच आला, पण काकांनी उलटा ठेवला, बघितला आणि म्हणाले, "आता थांबलाय हा माणूस." आणि निघताना मला म्हणाले, "ए घाई, चहाचे कप तेवढे आत ठेव."

त्या दिवसापासून घाई. आईसुद्धा कधीकधी म्हणते.

मग मोबाइलचा ग्रुप आला. बाईंनीच काढला, चांगल्या मनाने काढला. आधी आम्ही पाचच. मग बाईंचे पेशंट, पेशंटचे मेहुणे, मेहुण्यांच्या ऑफिसातले. एकशे चाळीस झाले. सकाळी उठल्यावर ढीगभर सूर्योदय. खाली सगळ्यांचं, वा, अप्रतिम, लाजवाब, फुलं, हात जोडलेले. मला सुद्धा आवडायचं सुरुवातीला, खोटं कशाला बोलू. एक भंगार ढग टाकला तर बावन्न जणांनी वा केलं. टेबलावर अख्ख्या वर्षात इतके वा मिळाले नसते.

रविवार ओस पडायला लागले. पाकिटं येईनात. बाई म्हणायच्या, "अगं, ग्रुपवर टाकलाय ना तोच." ड्रायव्हरदादांची ड्युटी बदलली. कधीकधी मी आणि काका दोघंच बसायचो आणि मालक मागून हिशोबाची वही घेऊन डोकावायचे.

मग काकांच्या मुलीने तिचा जुना टॅब काकांना पाठवला. बाईंनीच त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. आणि पहिल्याच दिवशी काका दुकानात तणतणत आले.

"हे यंत्र माझ्याशी मस्करी करतंय!"

त्यांनी मला करून दाखवलं. फोटो उघडला, टॅब उलटा केला. फोटो गर्रकन फिरून पुन्हा सरळ. त्यांनी टॅब परत फिरवला. फोटोही फिरला. मग त्यांनी त्याला चकवायला एकदम झटक्यात फिरवला. फोटो क्षणभर गोंधळला आणि आलाच सरळ.

"हट्टी आहे," काका म्हणाले. "मी काल टेबलावर ठेवला आणि स्वतः पलीकडे जाऊन उभा राहिलो. तेव्हा कुठे दिसला. तुझी काकू म्हणते, डोकं फिरलं."

मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. मग त्यांना फिरणं बंद करायचं बटण दाखवलं. त्यांनी फोटो उलटा केला, तो उलटाच राहिला. असे खूश झाले, जसं काही मी त्यांना छापखाना परत घेऊन दिला.

आता मला वाटतं, ते बटण मी दाबलंच नसतं तर बरं झालं असतं. कारण पुढच्या आठवड्यात बाईंनी सूर्यास्त टाकला. तळं आटलेलं, मधे एक वाळकं झाड, झाडामागे हा भला मोठा लाल सूर्य. खाली एकसष्ट बदाम. आणि त्या बदामांच्या खाली, एका बोटाने टाइप केलेलं, काकांचं:

"सूर्य काढा. झाडही नको. खालची ओली जमीन ठेवा. बाकी नुसती गर्दी आहे."

टेबलावर हे रोजचं बोलणं होतं. पण तिथे एकशे चाळीस जण होते, ज्यांनी काकांना बघितलेलंही नव्हतं. एकाने लिहिलं, सूर्य काढायला शिडी कुठे मिळेल? दुसऱ्याने लिहिलं, काका, तुम्हीच निघा. हसणारी तोंडं, ओळीने. बाईंनी सगळं वाचलं. संध्याकाळी काकांना काढलं.

आणि चार दिवसांनी काका माझ्यासमोर उभे होते, वायर सुटली का विचारत.

"काका, टॅब चांगला आहे," मी म्हणाले. "तुम्हाला काढलंय ग्रुपमधून. बाईंनी. त्या सूर्यास्तावरून."

त्यांनी टॅब उचलून डोळ्यांजवळ धरला. "तो बाईंचा होता?"

"वर नाव असतं ना काका. मोठ्या अक्षरात."

"मला वाटलं, ते पाठवणाऱ्याचं नाव. पोस्टमनसारखं." मग म्हणाले, "एवढ्या लोकांत बोललो मी. नावासकट." आणि खिशातून त्या दोन पट्ट्या काढून माझ्या काउंटरवर ठेवल्या. "ह्या असू देत तुझ्याकडे."

"मला काय करायच्यात?"

"असू देत गं."

टॅब रुमालात गुंडाळला आणि गेले. रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्या पट्ट्यांच्या कडा त्यांच्या बोटांनी काळ्या पडल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. आमचं टेबल गेलं तर गेलं, पण ह्या माणसाने आपण बोलायलाच नको होतं असं मनात धरून घरी बसावं? हे मी चालू देणार नव्हते.

मी दवाखान्यात गेले. बाहेरच्या मुलीने थांबायला सांगितलं, मी थांबले नाही. बाई एका माणसाच्या जबड्यात आरसा घालून बसल्या होत्या.

"काकांना का काढलंत?"

बाईंनी वर बघितलं. "घाई, मी काम करतीये."

"करा की. कान मोकळे आहेत ना?"

"माझ्या पेशंटसमोर शोभा करू नकोस. आधीच पुरेशी झालीये." आरसा ठेवला त्यांनी. "तुला माहितीये, मी दीड तास चिखलात उभी होते त्या फोटोसाठी? त्या दिवशी मला वाटलं होतं, एकदाचं जमलं. आणि हे येऊन सगळ्यांदेखत सांगतात, गर्दी आहे! ज्यांच्या दाढा मी काढल्या ते लोक मला हसले."

"त्यांना माहीतच नव्हतं तुमचा आहे ते. वरचं नाव त्यांना पोस्टमनचं वाटलं."

"काहीतरीच काय सांगतेस!"

"आईशप्पथ. विचारा त्यांना. टेबलावर हेच बोलले असते तर तुम्ही पट्ट्या मागून घेतल्या असत्या."

"टेबलावर बोलायचं होतं मग!"

"टेबलावर येतं कोण? सात महिने पाकीट नाही तुमचं!"

खुर्चीतला माणूस आँ आँ करायला लागला. बाईंनी त्याच्या तोंडातला कापूस काढला. तो म्हणाला, "मी पण आहे त्या ग्रुपमध्ये. पण मी नव्हतो हसलो, डॉक्टर."

"आ करा," बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू जा आता."

"मला त्या फोटोची मूळ फाइल पाहिजे. ग्रुपवरून उतरवलेला मोठा केला की फाटतो. रविवारी टेबलावर ठेवायचाय."

"जा म्हटलं ना घाई!"

गेले. रस्त्याने चालताना वाटलं, गेलं सगळं. शहाणपणा करायला गेले आणि होतं नव्हतं ते घालवलं.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं तर फटीखाली एक पाकीट पडलेलं. नाव नाही. आत निळा पेन ड्राइव्ह, टोपणाला दाताच्या कंपनीचं चित्र. मी तो मशीनला लावला, सूर्यास्त उघडला.

मालकांनी आणि ड्रायव्हरदादांनी आपापली पाकिटं दिली, दादांना मी फोन करून करून पिडलं तेव्हा. एक माझं. आता काका आणायचे होते.

काकांच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. दोन खोल्या. बाहेरच्या भिंतीला खिळ्यांचा लाकडी खण टांगलेला, शंभरएक बारके कप्पे. एकात बटणं, एकात गोळ्या, एकात सुया, एकात दुधाचे दात. मुलीचे. काकूंनी दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "अहो, ती आलीये, तुमची घाई!" मग मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. तीन आठवडे घरात बसलेत. माझ्या भिंतीवरच्या फोटोंच्या चौकटी, माझे पडदे, सगळ्याला नावं ठेवून झाली. काल कॅलेंडर उलटं लावून अर्धा तास बघत होते. मी म्हटलं, महिना तोच आहे, उगाच मागे नाही जायचा."

काका आतून आले. मी बसलेही नाही.

"काका, रविवारी आठ वाजता. पाकिटं आलीयेत."

"नको गं. मी दुखावलं त्या बाईला."

"चार पाकिटं आलीयेत," मी म्हणाले. "कोणाची ते मी सांगणार नाही. माझं तोंड तुम्हाला माहितीये."

त्यांनी बोटांवर मोजलं, मालक, दादा, मी, आणि चौथं बोट धरून राहिले. बराच वेळ. मी खण बघत उभी राहिले, दुधाचे दात मोजत.

"चार?" ते म्हणाले.

"चार. मालकांचंही धरून."

रविवारी बाई आधीच येऊन बसल्या होत्या, बॅग मांडीवर घट्ट धरून, जशी काही त्यांचीच दाढ काढायची आहे. काका आले. दोघांनी एकमेकांना मान हलवली. ड्रायव्हरदादा म्हणाले, "काय थंडी आहे का आज खोलीत, का मलाच वाजतीये?" मी त्यांना टेबलाखालून लाथ घातली.

पहिला फोटो मालकांचा, दुसरा दादांचा. काका बोलले, पण जपून, पेशंटशी बोलल्यासारखे. तिसरा मी ठेवला. ठेवतानाच उलटा ठेवला. सूर्य खाली, त्याच्यावर झाड, सगळ्यात वर ओली जमीन.

काकांनी ओळखला. ओळखणारच. एकदा बघितलेला फोटो ते विसरत नाहीत. मी पट्ट्या त्यांच्यासमोर सरकवल्या. त्यांनी हात लावला नाही.

"ह्याच्यावर मी बोलून झालोय," ते म्हणाले. "नको तिथे बोललो. कोणाचा आहे ते मला आता माहितीये, म्हणजे मला बोलता येणार नाही. नियम आहे."

मग त्यांनी पट्ट्या उचलल्या आणि टेबलावरून बाईंच्या बाजूला ढकलल्या.

"मी?" बाई म्हणाल्या.

"तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे."

बाईंनी बॅग खाली ठेवली. चष्मा वर केला. आधी पट्ट्या अगदी कडेला लावल्या, सगळा फोटो आत ठेवून. बघितलं. मग एक बाजू थोडी आत घेतली. झाडाचा शेंडा गेला. थांबल्या. परत आणलं. ड्रायव्हरदादा काहीतरी बोलणार होते, मी त्यांच्याकडे असं बघितलं की गप्प बसले. बाईंनी सूर्याच्या कडेवर पट्टी आणली आणि तिथेच अडल्या. मग त्यांनी पट्टी सरकवली. सूर्य गेला, झाडही गेलं.

उरला एक लांबट पट्टा. ओली जमीन, तिला पडलेल्या भेगा आणि प्रत्येक भेगेत बारीक लाल उजेड. सूर्य कुठेच नाही, पण सगळीकडे तोच.

"हे मी तिथे बघितलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "दीड तास मी फक्त त्या लाल गोळ्याकडे बघत होते."

काकांनी फोटो पट्ट्यांसकट धरला, हळूच फिरवून सरळ केला, बाईंच्या बोटांखालून पट्ट्या उचलल्या आणि खिशात घातल्या.

"राहू दे," म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. मग नाक ओढत म्हणाल्या, "मी तुम्हाला परत घेते ग्रुपमध्ये. आत्ताच घेते."

"नको नको," काका घाईघाईने म्हणाले. "तिथं फार छान छान चालतं. मला जमायचं नाही. तुम्ही आपल्या इथंच येत जा."

आणि चौथा फोटो माझा होता. त्यावर काका वीस मिनिटं बोलले, अजिबात न जपता. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

त्यानंतर टेबल आणखी तीन वर्षं चाललं. मोठं झालं नाही. पाच माणसं, कधी सहा. तो दातवाला पेशंट पण यायला लागला होता, त्याचे फोटो भयंकर असायचे, पण माणूस चिवट. मग काकूंचे गुडघे गेले आणि मुलगी दोघांना तिच्याकडे घेऊन गेली, लांब. मालकांनी ते टेबल काढून तिथे नवं मशीन बसवलं. ओरखड्यांची काच मी मागून घेतली. आईने विचारलं, हे काय करायचं? मी म्हटलं, असू दे. आता ती माझ्या पलंगाखाली आहे.

चार वर्षांत काकांनी माझ्या एकाही फोटोला राहू दे म्हटलं नाही. शेवटच्या रविवारीसुद्धा नाही. त्या दिवशी माझा माळाचा फोटो होता, त्यासाठी मी तीन सकाळी उभी राहिले होते. त्यांनी पट्ट्या ठेवल्या, सरकवल्या आणि डावीकडून एक नखभर कापायला सांगितलं. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," ते म्हणाले. मग निघताना पट्ट्या परत माझ्या काउंटरवर ठेवल्या. ह्या वेळी मी कशाला म्हणून विचारलं नाही.

हल्ली लोक काउंटरवर येतात, मोबाइल पुढे करतात. "बघ ना, कसा आलाय?" त्यांना वा पाहिजे असतं, ते मला कळतं. मी मोबाइल हातात घेते आणि काउंटरच्या काचेवर उलटा ठेवते.

परवा एक बाई म्हणाली, "अगं, उलटा ठेवलायस तू."

"माहितीये," मी म्हटलं. "आता बोला."